घरची आवृत्ती

सोमवार, २ फेब्रुवारी

मापाच्या वहीत चाळीस-पन्नास पानं कोरी उरली आहेत. शिवणकाम बंद करून दोन वर्षं झाली, आता कुणाच्या कंबरा आणि बाह्या मोजायला यायच्या नाहीत. तेव्हा मनातलं इथेच लिहायचं ठरवलं. दुपारी हे झोपतात, तेवढा पाऊण तास माझा.

आज डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध जे धुकं आलंय ते जाणार नाही. कडेचं दिसत राहील. म्हणजे खोलीत कुणी आलं ते कळेल, पण त्याचा चेहरा दिसणार नाही. वाचन मात्र संपलं. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली ह्या माणसानं, दुसऱ्यांच्या चुका हुडकून हुडकून डोळे झिजवले, आणि आता हे.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाले, "संपादकाला कळता कामा नये."

ह्यांचं सदर आहे रविवारच्या पुरवणीत. 'चष्म्यातून.' नव्या कादंबरीवर मत. लेखक मंडळी टरकून असतात म्हणे. कादंबरी सुरू करणं कुणालाही जमतं, संपवायची वेळ आली की सगळे पळतात, असं ह्यांचं म्हणणं. तीस वर्षांत ह्यांना एकाही कादंबरीचा शेवट पसंत पडलेला नाही.

हे सदर गेलं तर काय होईल ते मला माहीत आहे. माझे सासरे निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. पुढे बोलायचेच बंद झाले. मी चहा ठेवायचे, मीच उचलायचे. ह्यांचं तसं झालेलं मला बघवायचं नाही.

तर ठरलं असं की मी वाचायचं, ह्यांनी ऐकायचं; ह्यांनी सांगायचं, मी लिहायचं. ह्यांचं अक्षर काढणं सोपं आहे. मशीनवर पहिल्या दिवशी बसलेल्या मुलीचे टाके असतात ना, अगदी तसं आहे.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

पहिलीच कादंबरी ऐतिहासिक निघाली. सहाशे बारा पानं! उशाला घेतली तर मान मोडेल. त्यात घोडेच घोडे. एक लढाई संपली की दुसरी, आणि प्रत्येक लढाईआधी सगळ्या घोड्यांची रंगानिशी यादी. तलवार उपसायच्या आधी प्रत्येक जण दीड पान बोलतो. समोरचा तोवर काय करतो कोण जाणे.

परवा माझा घसा बसला. काल हे ऐकता ऐकता पेंगले. म्हटलं, असं कसं चालेल? मग आज मी थोडं आत घेतलं. म्हणजे सदरा ढगळ झाला की आपण दोन्ही बाजूंनी दाबतो, तसं. कापड काही कापलं नाही, फक्त वाचलं नाही. नऊ लढायांच्या चार केल्या. राणीचं बोलणं मात्र सगळं ठेवलं, ते बरं होतं.

हे मध्येच म्हणाले, "घोडे कमी झाले गं."

"लढाईत मेले," मी म्हटलं.

हे "हं" म्हणाले. बरे जागे राहिले शेवटपर्यंत.

रविवार, १५ फेब्रुवारी

छापून आलं. 'एवढ्या विस्तीर्ण काळावर लिहूनही लेखकाने पाल्हाळ टाळला आहे. इतकी आटोपशीर ऐतिहासिक कादंबरी अलीकडे वाचनात नाही.'

सहाशे बारा पानं आणि आटोपशीर! दहाच्या सुमारास संपादकांचा फोन. मी हात पुसत पुसत उचलला, आता बोंब होणार म्हणून. तर तो बाबा हसतोय. "बाई, सरांना सांगा, काय टोला हाणलाय! ऑफिसात सगळे लोळताहेत."

ह्यांना निरोप दिला. हे मिशीतल्या मिशीत हसले, कशाबद्दल ते मला कळलं नाही.

सोमवार, २३ फेब्रुवारी

माझं स्वतःचं मत विचाराल तर, म्हणजे कोण विचारतंय म्हणा, या वेळची अंतराळयानातली कादंबरी मला आवडली. तीनशे माणसं यानात बसून दुसऱ्या ताऱ्याकडे निघालीत, चाळीस वर्षांचा प्रवास. डॉक्टर आहेत, शास्त्रज्ञ आहेत, एक कवीसुद्धा आहे. शिंपी नाही! मुलं जन्मली, वाढली, वयात आली आणि कपडे कुठून आले? लेखकाला एका ओळीत सांगावंसं वाटलं नाही.

मला ते सहन होईना. मी एक शिंपीण घातली. छोटीशीच. तळमजल्यावर, पाण्याच्या टाक्यांशेजारी तिची खोली. मेलेल्यांचे कपडे उसवून ती जन्मलेल्यांचे शिवते, कारण नवं कापड येणार कुठून? यान पोहोचतं तेव्हा पहिला उतरणारा मुलगा जो अंगरखा घालतो त्यात अकरा माणसांच्या कपड्यांचे तुकडे असतात.

लिहिताना वाटतंय की जरा जास्तच झालं. पण वाचताना आपोआप तोंडात येत गेलं. पंचवीस मिनिटं तरी गेली असतील.

हे म्हणाले, "आज पानं उलटायला वेळ लागतोय तुला."

"नवं पुस्तक आहे, पानं चिकटलीत."

"बाइंडरला सांगायला हवं," हे म्हणाले. जुन्या छापखान्यातला बाइंडर ह्यांचा अजून दोस्त आहे. अजूनही फोनवर दोघं डिंकाबद्दल बोलतात.

मग म्हणाले, "ती शिंपिणीची जागा पुन्हा वाच."

झाली का पंचाईत! पुन्हा वाचलं. पहिल्यांदा अकरा माणसं होती, दुसऱ्यांदा नऊ झाली. ह्यांच्या लक्षात आलं नाही, देव पावला.

गुरुवार, ५ मार्च

भुताची कादंबरी. भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या टाकून वाचली, तरी नव्वदाव्या पानावर माझी बोबडी वळली. पुढे वाचणं शक्य नव्हतं. भुताला मी घर सोडून जायला लावलं. जाताना ते म्हणालं, या घरात कुणी कुणाशी बोलत नाही, मला एकटं वाटतं. उरलेलं पुस्तक मी कपाटात वर, ब्लँकेटांच्या मागे टाकलंय.

हे इतके हसले की ठसका लागला. भुताच्या कादंबरीला कुणी असं हसतं का? मत मात्र चांगलं दिलं. 'भुताची बाजू प्रथमच ऐकायला मिळाली.'

लेकीचा फोन होता. म्हणाली, "आई, बाबांना झालंय काय? सलग तीन पुस्तकांना चांगलं म्हणाले. बरे आहेत ना?"

म्हटलं, "वय झालं की मऊ होतात माणसं."

बुधवार, ११ मार्च

आज लिहू नये असं वाटत होतं.

एका नवख्या लेखिकेची पहिलीच कादंबरी आली, घरगुती गोष्ट. एक घड्याळजी असतो. बायको चाळीसाव्या पानावर जाते. मग हळूहळू त्याची नजर जाते. मुलं त्याला मागच्या खोलीत ठेवतात. तो दर तासाला हाक मारून विचारतो, किती वाजले? आधी सगळे सांगतात. मग एकच जण सांगतो. मग कुणीच नाही.

फार चांगली लिहिली आहे पोरीनं. म्हणूनच मला वाचवेना. समोर हे बसलेले, मान तिरकी करून, कारण कडेनं बघितलं तर मी थोडी दिसते. मी एकशे ऐंशीव्या पानावर आले आणि बोट घालून पुस्तक मिटलं. पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन रडून आले.

परत येऊन बसले आणि सरळ बदललं. बायको परत आणता येत नव्हती, तिला मीच पुरून बसले होते. मग शेजारच्या मुलीनं एक बंद पडलेलं घड्याळ आणून दिलं. त्यानं ते कानाला लावलं. कानानंच दुरुस्त केलं. मग गल्लीतली सगळी घड्याळं यायला लागली. आता वेळ विचारायची त्याला गरज नाही, सगळी खोलीच टिकटिकते. संध्याकाळी चहा येतो, अर्धा चमचा साखर घातलेला. तो घोट घेतो आणि म्हणतो, पाच वाजले.

हे म्हणाले, "चाळीसाव्या पानावर त्याची बायको गेली ना?"

"गेली."

"मग चहा कोण आणतं?"

"शेजारीण," मी म्हटलं.

"अस्सं. शेजारणीला बरी माहीत त्याची साखर."

मी कप उचलून आत गेले. नसत्या चौकशा करायची सवय जाणार नाही ह्यांची.

गुरुवार, १२ मार्च

मत सांगितलं ते तीन ओळींत. 'लेखिकेचे अभिनंदन. शेवट मी सांगणार नाही. मला जो मिळाला तो मला पुरेल.' बस्स! मी म्हटलं, अहो, संपादक काय म्हणतील, अर्धा रकाना मोकळा जाईल. तर म्हणे, जाऊ दे. मला काही हे बरं लक्षण वाटत नाही. डोळ्यांबरोबर उत्साहही चाललाय की काय?

मंगळवार, १७ मार्च

खुनाची कादंबरी. लेखक दातांचे डॉक्टर आहेत, मागच्या पानावर कोट घालून फोटो. बंद खोलीत प्रेत सापडतं. अंगात कोट, कोटाची बटणं नीट लावलेली. पहिली दोनशे पानं मी एक अक्षर बदललं नाही, शपथ. काय गुंतवलंय माणसानं! मला हा संशय, ह्यांना तो. चहा दोनदा उतू गेला.

काल हे म्हणाले, "आता जुळा भाऊ आणला तर मी हे पुस्तक खिडकीतून फेकीन. बाकी सगळं क्षम्य आहे, जुळा भाऊ नाही." बोलता बोलता आवाज चढला, कपाळाची शीर उडायला लागली. डॉक्टरांनी रक्तदाबाला जपायला सांगितलंय.

आज दोनशे एकेचाळीसावं पान उलटलं. दारात जुळा भाऊ उभा!

मी काय करणार होते? माझ्यासमोर दोनच वाटा होत्या, एक तर ह्यांचा रक्तदाब, नाही तर दातांचे डॉक्टर.

कोट माझ्या डोक्यात होताच. मेलेल्याची बायको शेवटी कोट हातात घेते. नवऱ्याची सगळी बटणं तीच लावायची, दोरा नेहमी समांतर घालून. वरून तिसरं बटण मात्र फुलीच्या टाक्यानं लावलेलं. झटापटीत ते तुटलं होतं आणि ज्यानं खून केला त्यानंच ते बसून पुन्हा शिवलं, कुणाला कळू नये म्हणून. घरात येणाऱ्यांत सुई-दोरा धरणारा पुरुष एकच होता. भागीदार. तो तरुणपणी जहाजावर होता, आपली बटणं आपण लावायचा.

हे खुर्चीतून उठलेच. "वा! बटण! अगं, बटण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि कुणी बघितलं नाही!" टाळी वाजवली. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी टाळी वाजवलेली मी पहिल्यांदा पाहिली.

रविवार, २२ मार्च

मेले मी.

'जुळ्या भावाची पळवाट लेखकाने ठामपणे नाकारली, यासाठी त्यांना सलाम. आणि ते बटण! तीस वर्षांत मला पहिल्यांदाच एका कादंबरीचा शेवट पसंत पडला.'

लिहून घेताना मी म्हटलं होतं, शेवट सांगू नये म्हणतात ना? तर म्हणाले, "या वेळी सांगायचाय." पुढे मला अडवताही येईना. कुठल्या तोंडानं अडवणार?

शनिवार, २८ मार्च

पुस्तकांच्या दुकानात लोक प्रती परत करताहेत. सांगतात काय, तर आमच्या प्रतीत बटणाचं प्रकरण छापायचं राहिलंय! सतरा प्रती परत आल्या. प्रकाशकानं छापखान्याला धारेवर धरलं, छापखान्यानं बाइंडरला. बिचाऱ्यानं रात्रंदिवस फर्मे, म्हणजे छापलेल्या पानांचे गठ्ठे, मोजले. हे सगळं मला त्याच्याच फोनवरून कळलं. ह्यांना तेव्हा मी न्हाणीघरात पिटाळलं होतं.

संपादकांनी निरोप ठेवलाय, मंगळवारी अकराला येतो, बरोबर दातांचे डॉक्टर आहेत.

माझी जेवणावरची वासना उडाली आहे. सदर जाणार. माझ्या हातानं जाणार. आणि ह्यांना कळणार की दोन महिने मी ह्यांना फसवत होते, ह्यांच्याच डोळ्यांआड. आंधळ्याला फसवणं म्हणतात ते आणखी काय असतं?

मंगळवार, ३१ मार्च

सगळं नीट लिहिते, नाही तर झोप यायची नाही.

अकराला दोघं आले. संपादक आमच्या लेकीपेक्षा लहान, घामाघूम. डॉक्टर फोटोतल्यापेक्षा बुटके, कोट तोच. मी चहा ठेवला.

डॉक्टरांनी पुस्तक काढलं आणि ह्यांच्या हातात दिलं. "सर, ते बटण कुठल्या पानावर आहे, तेवढं दाखवा. मी लिहिलेलं नाही, पण मला वाचायचंय."

ह्यांनी पुस्तक घेतलं. उलटं धरलं होतं. संपादकांच्या ते लक्षात आलं, आणि त्यांचा चेहरा असा पडला की मला राहवेना.

"माझी चूक आहे," मी म्हटलं. "ह्यांना वाचता येत नाही. मी वाचते. जुळा भाऊ आला म्हणून मी बदललं. घोडेही मीच कमी केले. ह्यांना काही माहीत नाही, ह्यांना बोल लावू नका." एका दमात बोलले आणि पदरात तोंड लपवलं.

तर हे म्हणाले, "बस खाली. मला सगळं माहीत आहे."

डॉक्टरांचा कप ओठाशीच थांबला.

"यानात नऊच्या अकरा माणसं झाली—"

"अकराच्या नऊ," मी म्हटलं. सवयीनं तोंडातून गेलं.

"अकराच्या नऊ. आणि पंचवीस मिनिटं पान उलटलं नाही. चौतीस वर्षं छापखान्यात होतो मी. पानाचा आवाज मला कळत नाही होय?"

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू थांबली असतीस."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. आणि त्याच वेळी असंही वाटलं की ह्यांनी हे वाक्य पुन्हा म्हणावं. म्हाताऱ्या वयात माणसाची काय ही अवस्था!

मग हे डॉक्टरांकडे वळले. "तुमची माफी मागतो. मला ठाऊक होतं की ते तुमचं नाही. तरी छापलं. तीस वर्षांत पहिल्यांदा एक शेवट आवडला, मोह आवरला नाही. गुन्हा माझा आहे."

संपादक खाली मान घालून म्हणाले, "सर, सदर आता मला..."

"बंदच करा. तुमच्या खुर्चीत मी असतो तर हेच केलं असतं. शेवटचं एक तेवढं लिहू द्या, खुलाशाचं."

जाताना डॉक्टरांनी दारात मला हळूच विचारलं, "जुळा भाऊ अजिबातच आवडला नाही?"

"डॉक्टर, तो दोनशे चाळीस पानं होता कुठे?"

"बाहेरगावी."

"भावाला एक पत्रही टाकलं नाही?"

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "डावीकडची दाढ ठणकते ना तुमची? बोलताना कळतं. येऊन जा." खरंच ठणकतेय, महिनाभर. माणूस चांगला आहे, उगाच मी त्याच्या पुस्तकाला कात्री लावली.

रविवार, ५ एप्रिल

शेवटचं 'चष्म्यातून' आलं. आजाराचं सरळ सांगितलंय. डॉक्टरांची, दुकानदारांची, बाइंडरची नाव न घेता माफी मागितली आहे. कादंबरीत जुळा भाऊ आहे आणि तो ह्यांना आवडला नसता, हेही लिहिलंय, गप्प कसे बसतील! शेवटी: 'ज्या वाचकांना बटणाचा शेवट हवा आहे त्यांनी दुकानात विचारू नये. ती घरची आवृत्ती आहे. तिची प्रत एकच आहे आणि ती मी कुणाला देणार नाही.'

लिहून घेताना माझा कागद ओला झाला. दुसरा घ्यावा लागला.

बुधवार, ८ एप्रिल

तीन दिवस झाले, हे खिडकीशी बसून आहेत. विचारलं, काही वाचू का? "नको." लेकीनं फोनवर हाक मारली तरी दोनच शब्द. सकाळी खुर्चीही फिरवून घेतली, पाठ माझ्याकडे. भिंत काही फार लांब नाही आता.

मी आत गेले की फोन करतात, दबक्या आवाजात. बाइंडरशी. एकदा "जाडी" ऐकू आलं, एकदा "कापडी". जुन्या दिवसांत रमलेत बहुतेक. माझ्याशी बोलावंसं वाटत नाही, एवढं खरं.

गुरुवार, ९ एप्रिल

दुपारी पार्सल आलं. मी म्हटलं, सदर बंद झालं तरी पुस्तकं पाठवतातच का हे लोक! सोडून बघितलं. निळी कापडी बांधणी, पाठीवर नाव नाही, आत नाव नाही. पहिलं पान कोरं. दुसरं कोरं. शेवटपर्यंत चाळलं, एक अक्षर नाही. पुस्तक छापायच्या आधी त्याची जाडी बघायला बाइंडर अशी कोरी प्रत बांधतात, ते मला माहीत आहे. चुकून आली असणार.

"अहो, ही तर—"

"नवी कादंबरी आली ना?" ह्यांनी खुर्ची फिरवली. तोंड माझ्याकडे, मान तिरकी. "वाच."

"यात काही छापलेलंच नाहीये."

"मला काय माहीत यात काय आहे? मला दिसत नाही. तू वाच."

ह्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि वाट बघत होते. शाळेतलं पोर बघतं तशी.

मी चष्मा लावला. तो कशाला लावला कोण जाणे. घसा खाकरला.

"एका शिंपिणीकडे एक माणूस आला. त्याच्या कोटाची बाही उसवली होती. छापखान्यात काम करत असावा, बोटं काळी होती. तिनं कोट हातात घेतला तर खिशात एक पुस्तक—"

"शिंपीण दिसायला कशी होती?"

"मध्ये बोलायचं नाही."

"बरं, बरं."

चहाला उठेपर्यंत वाचलं. आणि आज पानं वेळच्या वेळी उलटली.